शेवटच्या रांगेतली जागा

बाई परत कधी येणार? निलंग्याच्या शाळेच्या पटांगणावर जमणाऱ्या मावश्या मला रोज हेच विचारतात. यजमानांच्या आजारपणामुळे आदरणीय शैलजाबाई लेकाकडे पुण्याला गेल्या आहेत. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहिताना त्या गावात नाहीत, ही रुखरुख मनात आहे.

त्यांची माझी ओळख आईच्या गुडघ्यांमुळे झाली. रानात वाकून काम करण्यात आयुष्य गेलेल्या आईला संधिवाताने गाठलं. उंबरा ओलांडताना ती भिंत धरायची. मी तेव्हा रोज लातूरला जाऊन-येऊन बी.ए. करत होते, कॉलेजात गेलेली घरातली पहिलीच. डॉक्टर म्हणाले, औषध घ्या, पण हालचाल सोडू नका. शेजारणीने बाईंचं नाव सुचवलं, आणि आईला घेऊन मीही रोज सकाळी पटांगणावर जाऊ लागले.

बाई मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर स्वतःचीच बोटं आखडू लागली, तेव्हा बंगळूरला बहिणीकडे राहून त्या ताई-ची शिकल्या. गुडघे किंचित वाकवून अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर अलगद न्यायचा, हात पाण्यातून फिरवल्यासारखे फिरवायचे, असा हा चिनी व्यायाम. बाई तो साडीतच शिकवत, त्यामुळे कुणाला संकोच वाटला नाही.

पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "बाई, इतकं सावकाश खुरपलं असतं तर सासूनं दुपारीच घरी धाडलं असतं मला."

"इथं सासू मीच हाय," बाई म्हणाल्या. "सावकाशच करा. दुखलं की थांबा."

आईला फार वेळ उभं राहवत नसे. बाईंनी स्वतःच्या घरून खुर्ची आणली आणि आईला बसून हात फिरवायला शिकवलं. पुढे आई खुर्चीची पाठ धरून उभी राहू लागली, मग न धरता. संधिवात गेला नाही, आणि तो जाईल असं बाईंनी कधी सांगितलंही नाही. "गोळ्या डॉक्टरांच्या, हलणं आपलं," एवढंच त्या बजावत. पण उंबऱ्याशी आईचा हात भिंतीकडे जाईनासा झाला.

बाई आमच्याकडे पाठ करून उभ्या राहत, म्हणजे डावं-उजवं चुकू नये. पण मध्येच सगळ्यांनी मागे वळायचं असे, आणि वळलं की समोर बाई नसत. मावश्या एकमेकींकडे बघून हसत सुटत, एखादीचा तोल जाई. म्हणून बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं. सगळ्यांत लहान म्हणून मागे ठेवलं, असं मला वाटलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "वळल्यावर या कुणाकडं बघतील गं? तुझ्याकडंच की."

बाई गेल्यावर त्यांची पुढची जागा आम्ही मोकळीच ठेवली. मावश्या जमत, बाईंच्या आठवणी काढत आणि व्यायाम न करताच घरी जात. काहीजणी यायच्या थांबल्या. एका सकाळी आईने पुन्हा भिंतीला हात लावलेला मला दिसला.

बाईंना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे हातपाय असेच हलते राहोत. रस्त्याकडून कुणी येताना दिसलं की अजून आम्ही सगळ्या तिकडे बघतो. पण गेल्या सोमवारी मी बाईंच्या जागेवर जाऊन सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिले, आणि शेवटच्या रांगेत आईला उभं केलं.