मामाची मांडी

तो तक्ता मला अजून दिसतो. खुर्चीत बसलेलं गुटगुटीत बाळ, समोर सफरचंद, उकडलेलं अंडं आणि बिस्किटांचा पुडा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांनी तो आम्हा तिघी नर्सबायांच्या हातात दिला. म्हणाले, गावात भिंतीला टांगा, खालच्या चार ओळी वाचा, आईचा अंगठा घ्या आणि पुढच्या घरी जा. मी तोवर उभ्या जन्मात दोनदा सफरचंद खाल्लं होतं, तेही ट्रेनिंगला असताना. मी विचारलं, साहेब, यात ज्वारीच्या कण्या कुठं आहेत, मुगाचं वरण कुठं आहे? ते म्हणाले, तक्त्यात आहे तेवढंच सांगायचं. मी गप्प बसले. पण गप्प बसणं माझ्या अंगी फार दिवस टिकत नाही.

माझ्याकडच्या एका गावात खात्यापित्या कास्तकाराच्या घरी दहा महिन्यांची पोट्टी होती. कोठीत ज्वारी, गोठ्यात दोन म्हशी, आणि पोट्टी मात्र वाळत चाललेली. पाच महिन्यांची वाटायची. बसत नव्हती, रडायचाही तिला कंटाळा. आईच्या दुधाशिवाय पोटात काही नाही, आणि आई स्वतःच काडी. त्या पोट्टीचा मला जास्तच लळा होता, कारण ती पायाळू आली तेव्हा मीच दिवसभर झुंजून तिला बाहेर काढलं होतं. मायलेकी दोघी वाचल्या म्हणून त्या घरानं मला चहा पाजला होता. कप वेगळा होता, गोठ्याच्या कोनाड्यातला. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी शाळकरी होते, आता सरकारी नोकरीत होते, पण त्या कोनाड्याला त्याचं काही नव्हतं.

तक्ता घेऊन गेले त्या पहिल्या भेटीत मी माती खाल्ली. तक्ता टांगला, चार ओळी वाचल्या आणि पोट्टीकडं पाहून डोकं सणकलं. सासू, सासरे, शेजारच्या चार बाया यांच्यासमोर मी त्या पोरसवदा आईला झापलं. कोठी भरून ठेवता अन् लेकरू उपाशी मारता, असं म्हटलं. तिनं पदर ओढला आणि आत गेली. त्यानंतर दोनदा गेले तर मला पाहताच दार लोटून घेतलं. इंजेक्शन कसं द्यायचं, नाळ कशी कापायची, सगळं आम्हाला शिकवलं होतं. पण आईशी कसं बोलायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी ती नदीवर धुणं धुताना सापडली. मी तक्ता बाजूला ठेवला, शेजारच्या दगडावर बसले आणि तिची दोन लुगडी पिळून दिली. मग विचारलं, बाई, तुला भरवायचं नाही, का भरवता येत नाही? ती ढसाढसा रडली. मग सांगितलं. पोट्टीची उष्टावणच झाली नव्हती. आमच्याकडं लेकराचा पहिला घास मामाच्या मांडीवर. त्याआधी दाणा म्हणून तोंडात जात नाही. आणि मामा रुसला होता. बारशाला त्याच्याआधी दुसऱ्याच पाहुण्याला टोपी-दुपट्टा दिला, तेवढ्यावरून उठला आणि सांगून गेला की तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. सासऱ्यांनी सांगितलं, बोलावणं धाडणार नाही. सासू म्हणायची, मामाविना भरवलं तर अन्न अंगी लागत नाही. दोघा बाप्यांच्या मिशा ताठ राहाव्यात म्हणून पोट्टी सुकत होती.

तिचं एकच भ्या होतं. चोरून भरवलं आणि उद्या पोट्टीला साधी हगवण लागली, तरी आईनंच मारलं म्हणतील. हे भ्या माझ्या तक्त्यावर कुठंही काढलेलं नव्हतं.

केंद्रावर फॉर्ममध्ये एक रकाना होता, आहार न देण्याचं कारण. त्यात दोनच शब्द छापलेले, अज्ञान आणि निष्काळजीपणा. मी दोन्ही खोडले आणि लिहिलं, मामा रुसला. डॉक्टरांनी फॉर्म परत दिला. मी पुन्हा तेच लिहिलं. मेमो देईन म्हणाले. मी म्हटलं, द्या साहेब, त्यावर पण कारण हेच लिहीन. बाकीच्या दोघी नर्सबाया खाली मान घालून हसत होत्या.

मामा आसेगावचा होता आणि माझं माहेरही आसेगाव. एस.टी.नं गेले. तो ओट्यावर बसला होता. मी हात जोडून सांगितलं, भाऊ, भाची हातची चालली, एक घास भरवून या. तो म्हणाला, मान देऊन बोलावलं तर येईन. मी म्हटलं, टोपी पाहता का पोट्टी पाहता? त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू कोण सांगनारी?" एवढंच बोलला आणि आत गेला.

एस.टी.त परत येताना मी आतून जळत होते. मी कोण? लहानपणी ह्याच्याच बापाला मी काका म्हणायची. आमच्या भागात गावचं नातं असतं, जातीपातीच्या पल्याड. गावची पोरगी ती बहीण, तिचं लेकरू ते भाचं. ते नातं बोलण्यापुरतं सगळ्यांना चालतं, जेवायच्या पानाशी आलं की कुणाला आठवत नाही. मी ठरवलं, आता आठवण करून द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या घरी गेले. सासू अंगणात ज्वारी पाखडत होती. मी बोलावण्याची वाट न पाहता ओट्यावर चढले, मांडी घातली आणि सांगितलं की मामा येत नाही, मी जाऊन आले. तुमची सून आसेगावची, मीही आसेगावची. ती माझी बहीण, म्हणून मामाच्या जागी मावशी आली. पोट्टी माझ्या मांडीवर द्या, घास तिची आई भरवेल, कण्या तुमच्याच चुलीवरच्या.

सासूच्या हातातलं सूप थांबलं. "तुमच्या मांडीवर?" ती म्हणाली.

असलं मी खूपदा गिळलं होतं. त्या दिवशी नाही गिळलं.

"माय, ह्याच हातानं तिले ओढून काढली, तवा चाललं. मंग आता मांडी काहून नाही चालत?"

सासू पुन्हा पाखडू लागली. मी उठले नाही. अंगणात कोंबड्या पडलेले दाणे वेचत होत्या.

मग आतून सून आली. एका हातात वाटी, एका काखेत पोट्टी. तिनं सासूकडं पाहिलं नाही. पोट्टीला माझ्या मांडीवर ठेवलं, समोर बसली आणि मऊ कण्या न् मुगाचं बोट तिच्या तोंडात घातलं. पोट्टीनं तोंड वाकडं केलं, अर्धं बाहेर काढलं. आईनं माझ्याकडं घाबरून पाहिलं. मी म्हटलं, थुंकू दे, शिकून राह्यली ते. तिसऱ्या बोटाला पोट्टीनं आईचं बोट दोन्ही हातांनी धरलं आणि सोडीना.

सासू आत गेली आणि खण-नारळ घेऊन आली. मामाच्या जागी मावशीचा मान. तो तिनं माझ्यापासून हातभर लांब, खाली ठेवला.

मी पाहिलं, पण हलले नाही. म्हटलं, "हातात द्या."

पोट्टी आईचं बोट चाटत होती. मग म्हातारी वाकली, खण-नारळ उचलला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. ती कोरडी, खरबरीत होती, माझ्या आईच्या बोटांसारखीच.

पुढं मी आठवड्यातून दोनदा जाऊन बसायची. शिकवायला नाही, नुसती बसायला. कण्यांत तेलाचं बोट घालायचं सासूनंच सुचवलं. मामाही आला, पण तीन महिन्यांनी, तोवर पोट्टी भाकरीचा तुकडा चघळत होती.

त्याआधीच एका वजनाच्या दिवशी सून पोट्टीला घेऊन केंद्रावर आली. पोट्टी टेबलावर आधाराशिवाय बसली आणि डॉक्टरांचा पेन तोंडात घालू लागली. डॉक्टरांनी वजन दोनदा करून पाहिलं. मग आईला विचारलं, काय शिकवलं नर्सबाईनं?

"काई नाई शिकवलं," ती म्हणाली. "मले वाटलं मी एकटी हाय, तवा ह्या येऊन बसल्या."

डॉक्टरांनी माझा फॉर्म कपाटातून काढला, मामा रुसला असं लिहिलेला, आणि त्याखाली सही केली. मग त्या दोघी नर्सबायांना म्हणाले, पुढच्या बैठकीत ह्या बोलतील, तुम्ही ऐका.

मी तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला.