हंड्यातली मैफल

मे महिन्यात आमच्या ओटीवर दोन गोष्टींचा ढीग होतो. एक आंब्याच्या कोयींचा आणि दुसरा किश्शांचा. कोयी मी संध्याकाळी केरसुणीनं लोटून टाकते. किस्से मात्र जागचे हलत नाहीत. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येऊन बसतो. त्यात गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरबसल्या शास्त्रीय संगीताचा अख्खा सीझन ऐकला. मग काय विचारता!

झालं असं, की डोंबिवलीच्या माझ्या भाच्यानं आठ मैफलींचा ऑनलाइन पास काढून दिला. मैफली मुंबईत आणि श्रोते आटगावच्या पुढे, तानसाच्या रस्त्याला. मी म्हटलं, तानसाचं पाणी इतकी वर्षं मुंबईला जातंय, चार दिवस मुंबईचं गाणं इकडे आलं तर बिघडलं कुठे!

श्रोते मोजून पाच. मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली बाई. आमचे 'हे'. भजनी मंडळाचा टाळकरी किसन. शेजारची तारा. आणि ताराचे चुलत सासरे धर्माभाऊ.

धर्माभाऊंचं आधीच सांगून टाकते. चाळीस वर्षं ते मंडळात पखवाज वाजवायचे आणि त्यांचे थोरले भाऊ महादूदादा, म्हणजे ताराचे सासरे, गायचे. दोन वर्षांपूर्वी दादा गेले. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी धर्माभाऊ पखवाज खांद्याला लावून माझ्याकडे आले. "बाई, तुमच्याकडं ठेवा. घरात नजरंला पडतो, मंग जेवाण जात नाय."

तेव्हापासून तो पखवाज आमच्या ओटीच्या कोपऱ्यात गोधडीखाली आहे आणि त्याच्यावर आमचं मांजर झोपतं. धर्माभाऊंनी पुन्हा वाजवावं, एवढीच माझी इच्छा. तो पास मी त्यासाठीच घेतला. हे अर्थात कोणाला बोलले नाही.

*

शिस्त पाहिजे म्हणून मी फळ्यावर चार नियम लिहिले. मध्ये बोलू नये. मध्ये उठू नये. मांडीवर ठेका धरू नये. मध्ये गाऊ नये.

पहिली मैफल सुरू झाली. टीव्हीवर बुवांनी एक ओळ गायली आणि श्वास घ्यायला थांबले. त्याबरोबर किसन आणि तारानं तीच ओळ खड्या आवाजात उचलली!

"किसन!" मी ओरडले.

"बाई, बुवा थांबला ना! मंग उचलायला नको? येकट्यानं किती ओढंल तो?"

भजनात तसंच असतं. बुवानं ओळ सोडली की बाकीच्यांनी झेलायची, नाहीतर त्याचा अपमान. मी समजावलं, की इथं तसं नसतं, ते एकटेच गातात. किसननं टीव्हीकडे फार वाईट नजरेनं पाहिलं.

"येवढा मोठा माणूस, आन् मागं कोणच नाय!"

"कोणाकोणाच्या फुडं कोण नसतं," धर्माभाऊ म्हणाले.

*

आमचे 'हे' डोळे मिटून गाणं ऐकतात. डोळे मिटले की लक्ष लागतं, असं त्यांचं म्हणणं. लक्ष इतकं लागतं, की घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जातं! मात्र मध्येच जाग आली की ते हात उंचावून मोठ्यानं "क्या बात है!" म्हणतात.

दुसऱ्या मैफलीत त्यांना जाग आली तेव्हा पडद्यावर पाटी होती, 'तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व'.

"क्या बात है!"

*

तिसऱ्या मैफलीत गायिकेला सारखा खोकला येत होता. तारा अंगणवाडीत मदतनीस आहे, कोणी खोकलं की तिचा जीव खालीवर होतो. तिनं माझा मोबाइल घेतला आणि लाइव्हच्या खाली लिहून पाठवलं, "ताई, सुंठ गुळाची गोळी गालात धरा. गार पाणी पिऊ नका. तारा, आटगाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मध्यंतरानंतर निवेदक म्हणाला, "आटगावच्या ताराताईंचा सल्ला अमलात आणला आहे!" आणि गायिकेनं हसून स्वतःच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराच्या दारात सहाजण उभे. "मुंबयच्या बाईला दिलंस ते औषद आमाला पन दे!"

तारानं दिलं. वर दोघांना तोंड बघून पथ्यही सांगितलं.

*

चौथ्या मैफलीला लाइट गेली. मी मोबाइल काढला, पण त्याचा आवाज तो केवढा! किसन म्हणाला, "हंड्यात टाका." आम्ही अंगणात तांब्याचा रिकामा हंडा ठेवला आणि फोन आत सोडला. काय सांगू, आवाज असा घुमला की बस्स! आम्ही पाचजण हंड्याभोवती माना घालून बसलो.

पंधरा मिनिटांनी मी सहज मागं पाहिलं. माझ्या मागे रस्त्यापर्यंत हंड्यांची रांग! आमच्याकडे मे महिन्यात नळ कोरडे असतात. हंड्याभोवती माणसं दिसली, की बायका बाकी काही बघत नाहीत.

"टँकर कवा येतो गो?" सगळ्यात पुढच्या म्हातारीनं ताराला विचारलं.

"टँकर नाय, आजी. गाणं हाय."

म्हातारीनं हंड्यात वाकून पाहिलं. मग मागं वळून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "पानी नाय गो! नुसता मानूस हाय आत!"

निम्म्या बायका गेल्या. निम्म्या आपापले हंडे पालथे घालून त्यांच्यावर बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकून गेल्या.

*

पाचव्या मैफलीच्या वेळी मी एक डाव टाकला. चहाचा ट्रे मुद्दाम पखवाजावर ठेवला. म्हटलं, चिडू देत, काहीतरी होऊ दे! धर्माभाऊ उठले, ट्रे खाली ठेवला, खांद्यावरच्या टॉवेलनं गोधडी पुसली आणि परत जाऊन बसले. मलाच शरम वाटली.

"वाजवा की हो एकदा," मी शेवटी स्पष्टच म्हटलं.

"कोणासाटी, बाई?"

तेवढ्यात किसननं विषय बदलायला म्हणून ताराची जुनी गोष्ट काढली. आमच्याकडे भाकरी तांदळाची. त्यामुळे धर्माभाऊंच्या घरी गव्हाची कणीक भिजली, की पोरं नाचायची, "आज भजन हाय!" कारण पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. तारा लग्न होऊन आली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. भजनाच्या दिवशी चुलत सासऱ्यांचा देवळातून निरोप आला, "कणीक पाठव." नव्या सुनेनं हौसेनं ती सगळी लाटली आणि गरम गरम चपात्या करून देवळात पाठवल्या!

अख्खं मंडळ खोळंबलेलं. महादूदादांनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "धर्मा, आता चपाती वाजव!"

आम्ही पोट धरून हसलो. धर्माभाऊही हसले, दोन वर्षांत पहिल्यांदा. मग टॉवेलनं डोळे पुसले आणि उन्हाचं निमित्त सांगून घरी गेले.

*

शेवटची मैफल रविवारी सकाळी नऊला होती. धृपद, आणि साथीला पखवाज. हे मी भाच्यानं पाठवलेल्या यादीत पहिल्याच दिवशी वाचलं होतं आणि गिळून बसले होते. आणि नेमका त्याच सकाळी धर्माभाऊंचा निरोप! "राब भाजायचा हाय, येत नाय."

भाताच्या रोपांची जमीन त्याच सकाळी भाजायची होती! मी ताराला शेतावर पिटाळलं. "काय वाट्टेल ते सांग, पण घेऊन ये."

ती खरंच काय वाट्टेल ते सांगून आली. बाई चक्कर येऊन पडल्या! धर्माभाऊ राखेनं भरलेल्या हातांनी धावत आले आणि बघतात तर मी रिमोट घेऊन ताठ बसलेली.

"बाई?"

"बसा," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. ते बसले, दाराजवळच.

आधी बराच वेळ नुसता आलाप चालला. मग पखवाजावर पहिली थाप पडली आणि धर्माभाऊंची मान वर झाली. वाजवणारा तरणा मुलगा होता. जरा वेळानं ते स्वतःशीच म्हणाले, "हात बरा हाय." आणखी जरा वेळानं ते दारापासून टीव्हीपाशी सरकले.

गाणं रंगात आलं आणि चित्र थांबलं. पडद्यावर ते मेलं गोल गोल फिरायला लागलं. वाजवणाऱ्याचा हात हवेत, तसाच.

"गेली रेंज!" किसननं कपाळाला हात लावला.

पण ओटीवरचा ठेका थांबला नव्हता. तो धर्माभाऊंच्या मांडीवर चालू होता. नियम नंबर तीन सरळ सरळ मोडला जात होता, आणि मी फळ्याकडे पाठ फिरवून बसले. एक आवर्तन झालं. दुसरं झालं. पडद्यावर गोल फिरतंय, आणि त्या राखेच्या हाताला कसली घाई नाही. तिसरं आवर्तन पुरं होत आलं. तेवढ्यात पडद्यावरचा तो हात सुटला आणि खाली आला, आणि त्याच क्षणी धर्माभाऊंचाही. धा! समेवर, बरोब्बर!

"क्या बात है!" 'हे' म्हणाले. आणि यावेळी ते टक्क जागे होते.

मैफल संपली. मी टीव्ही बंद केला. कोणी उठेना. धर्माभाऊंच्या पांढऱ्या धोतरावर राखेचा पंजा उमटला होता, तिकडे ते बघत बसले होते. मग ते उठून कोपऱ्यात गेले, मांजराला अलगद उचलून खाली ठेवलं आणि गोधडी बाजूला केली. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

"बाई, कणीक हाय का घरात?"

मी काही बोलायच्या आत तारा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात पोचलेली.

"किती भिजवू, काका?"

"पुरीयेवढी," धर्माभाऊ म्हणाले. "आन् लाटू नको!"