साडूंचं प्रस्थान

भारत सरकारवर मनापासून विश्वास ठेवणारा शेवटचा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या साडूंकडे बोट दाखवीन. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. राहायला पंचवटीत. सरकारने रेडिओवरून, पेपरातून किंवा रिक्षाला भोंगा बांधून काहीही सांगितलं, तरी तुम्ही-आम्ही 'हं' म्हणतो आणि पुन्हा शेंगा सोलायला लागतो. साडू मात्र ताडकन उठून खिडक्या लावायचे. 'समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी खोल पाण्यात जाऊ नये' एवढं बातम्यांत ऐकलं, की हा सद्गृहस्थ नाशकात राहून दोन दिवस रामकुंडाकडे फिरकत नसे. मी म्हटलं, "अहो, समुद्र कुठे, तुम्ही कुठे?" तर म्हणाले, "पाणी ते पाणी, साडूभाऊ. सूचना आली ना? मग पाळायची." आता ह्यावर माणसाने बोलायचं काय?

ह्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. साडूंची सगळी हयात पाटबंधारे खात्यात गेली आणि धरणातून पाणी सोडायच्या आधी पेपरात जो मजकूर जायचा, तो तेच लिहायचे. 'नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेचा इशारा देण्यात येत आहे.' हे वाक्य ते घरीसुद्धा इतक्या मायेने म्हणून दाखवायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, स्वतःच्या लेकीचंच कौतुक चाललंय. आणि आमचं नाशिक काय करायचं? इशारा आला रे आला, की अख्खं गाव नदीवर! पोरं खांद्यावर, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, हातात भाजलेली कणसं, आणि चर्चा एकच, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला. साडू होळकर पुलाच्या तोंडाशी उभे राहून हात जोडून विनवायचे, "अहो, मागे व्हा! मी इशारा दिलाय, आमंत्रण नाही दिलेलं!" एका वर्षी एका माणसाने त्यांनाच सांगितलं, "काका, सरका ना जरा बाजूला, दिसत नाय." साडू त्या दिवशी जेवले नाहीत. मी समजूत काढायला गेलो तर म्हणाले, "इशारा कुणीतरी लिहिलेला असतो हो. एकेक शब्द जुळवलेला असतो. कुणीच पाळला नाही तर त्या माणसाला काय वाटत असेल?" तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं, की जगात कुणीही कसलाही इशारा देवो, निदान एक माणूस तो पाळणार.

इथवर माझी काही हरकत नव्हती. भाबडेपणा आहे, असू दे. संताप यायचा तो हा माणूस प्रवासाला निघाला की. शासकीय मजकूर लिहून लिहून त्यांना त्या भाषेचा भलताच अर्थ लागायला लागला होता. 'परिस्थिती नियंत्रणात आहे' असं छापून आलं, की ते चष्मा पुसून विचारायचे, "कुणाच्या?" 'अफवांवर विश्वास ठेवू नये' म्हणजे अफवा उठल्यात हे सरकारने कबूल केलं. आणि 'घाबरून जाण्याचे कारण नाही' हे वाक्य तर त्यांच्या मते सगळ्यात भयंकर. कारण नसतं तर छापलं कशाला असतं? नव्वदच्या दशकात सुरतेकडे साथ आली होती. ती पार सरून गेल्यावर सासुरवाडीकडच्या एका लग्नाला आम्ही सगळे एसटीने सुरतेला निघालो. दिंडोरीपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे शेजारच्या प्रवाशाने भजी घेतली, ती एका जुन्या पेपरात बांधलेली, आणि त्या पेपरात साडूंनी 'सुरतेचा प्रवास टाळावा' असं वाचलं. झालं! भज्यांच्या तेलाने तारीख पुसली गेली होती, पण मजकूर शाबूत होता. मी कानीकपाळी ओरडलो, "अहो, जुना पेपर आहे!" तर म्हणाले, "मागे घेतल्याचं कुठे छापून आलंय?" घंटी वाजवून, गाडी थांबवून हे खाली उतरले, पाठोपाठ बिचाऱ्या अक्का, आणि अक्कांच्या हातात नवरीला द्यायची समई. आम्ही सुरतेला पंगतीत जेवत होतो आणि समई दिंडोरीच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत होती.

त्यात पुन्हा प्रस्थान! निघायच्या दिवशी मुहूर्त चांगला नसेल तर आधीच एखाद्या बऱ्या दिवशी आपलं सामान, वर सुपारी-हळकुंड बांधून, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं, ही आपली जुनी रीत. पूर्वीचे लोक असं प्रस्थान ठेवून एक-दोन दिवसांत खरंच निघायचे. साडूंनी ह्या रीतीचं पार वाटोळं केलं. आमचं घर कॉलेज रोडला, म्हणजे त्यांच्यापासून नदीपलीकडे, त्यामुळे प्रस्थान ठेवायला आमचाच हॉल पक्का. बॅग आमच्याकडे आली की साडू प्रवासात, आणि स्वतः मात्र घरी बातम्या बघत बसलेले! सोडतीच्या निकालाची वाट बघावी तशी इशाऱ्याची वाट बघायचे. प्रस्थान हलवलं तर अपशकुन, आणि सगळं सामान तर बॅगेत. म्हणून हा माणूस रोज सकाळी पंचवटीहून स्कूटर काढून आमच्याकडे दाढी करायला यायचा. बॅग जागेवरच उघडायची, दाढीचं सामान काढायचं, दाढी करायची, सामान पुन्हा आत. माझी बायको विचारायची, "भाऊजी, चहा टाकू का?" तर हे आरशात बघत, तोंडाला फेस, "नको, मी गावाला गेलोय." मी कपाळाला हात लावायचो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन गुवाहाटीला गेली आणि ह्या खुळापायी अक्कांच्या जिवाला घोर लागला. मुलीला दिवस गेले. डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही असं बजावलं, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही तिला माहेरी येता येईना. तेव्हा अक्का-साडूंनीच तिकडे जायचं ठरलं. डिंकाचे लाडू झाले, झबली शिवून झाली, प्रस्थान आमच्या हॉलमध्ये आलं, आणि टीव्हीवर 'आसाम बंद'! एव्हाना ती चोवीस तास बातम्यांची चॅनेलं आली होती. त्या चॅनेलवाल्यांना काय म्हणावं, माझ्या तोंडात येतं ते लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावर एक टायर जळत होता. सकाळी तोच टायर, दुपारी तोच टायर, संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा तोच. खाली लाल पट्टी, मागे ढँण ढँण, आणि एक बाई घसा फोडून सांगतेय, पाहा कसं पेटलंय आसाम! अगं बाई, आसाम कुठे पेटलंय, टायर पेटलाय! मुलगी फोनवर सांगून दमली, "बाबा, तो टायर आमच्याकडचा नाहीये हो. नाशिकहून नागपूर आहे ना, तेवढं लांब आहे ते गाव. इथे खाली भाजीवाला बसलाय निवांत." साडू म्हणाले, "त्याला अजून कळवलेलं नसेल." बाळंतपण तिच्या सासूबाईंनी केलं. नात झाली. तिचं पहिलं रडणं अक्कांनी फोनवर ऐकलं आणि रिसीव्हर ठेवून त्या देवघरात जाऊन बसल्या.

पुढच्या वर्षी तिकडे पूर. त्याच्या पुढच्या वर्षी कोंबड्यांना रोग, आणि ही दोघं जन्मात अंडं न खाल्लेली! दरवेळी प्रस्थान यायचं, दरवेळी परत जायचं, आणि बॅगेतल्या झबल्यांच्या जागी फ्रॉक आले, मग त्याहून मोठे फ्रॉक आले. मुलगीही शेवटी बापाचीच. ती हट्टाला पेटली, "तुम्ही इथे येत नाही, तोवर मीही नाशकात पाऊल टाकणार नाही." नात चालायला लागली, बोलायला लागली, बालवाडीत जायला लागली, आणि अक्कांनी तिला पाहिलेलं ते फक्त फोटोत. लोकांपुढे अक्का तो फोटो काढून दाखवायच्या तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी साडूंना तोंडावर सुनावलं, "तुमच्या ह्या इशाऱ्यांनी एकाचा जीव वाचलेला मी बघितला नाही, पण अक्कांचा मात्र तुटतोय." ते खाली मान घालून बॅगेची चेन लावत राहिले.

मग ती वेळ आली. प्रस्थान आमच्याकडे होतं, नाशिकरोडहून दुसऱ्या दिवशीची गाडी होती, आणि एका शहरात स्फोट झाले. माणसं गेली, त्याची थट्टा मी करणार नाही. स्टेशनांवर पोलीस उभे राहिले आणि पेपरात चौकट आली: 'अत्यावश्यक काम असल्याशिवाय नागरिकांनी प्रवास टाळावा.' दुपारी साडू पेपर घेऊन बॅग न्यायला आमच्या दारात हजर. मागे अक्का. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काच सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "वाचा बघू पुन्हा." उभ्या आयुष्यात ह्या बाईने नवऱ्याला उलट प्रश्न केलेला मी ऐकला नव्हता. साडूंनी खडा आवाज लावून वाचलं.

"अत्यावश्यक काम म्हणजे काय हो?" अक्कांनी विचारलं.

"म्हणजे आजारपण, मयत, कोर्टाची तारीख, असं काहीतरी."

"असं लिहिलंय तिथे?"

साडूंनी चष्मा वर केला, पेपर डोळ्यांजवळ नेला. "लिहिलेलं नाही. ते लिहीत नसतात. आम्हीसुद्धा नाही लिहायचो. ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं."

"मग मी ठरवलं," अक्का म्हणाल्या. "मला नातीला बघायचंय. माझं अत्यावश्यक आहे. तुमचं नसेल तर तुम्ही घरी राहा, तुम्हाला सूचना लागू आहे."

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी. साडूंनी ती चौकट पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली. पळवाट नव्हती. मजकूर चोख होता आणि अक्का मजकुराच्या बाहेर एक पाऊल गेल्या नव्हत्या. "भाषा बरोबर आहे तुझी," ते हळूच म्हणाले आणि बॅग उचलली. मला त्या क्षणी अक्कांच्या पाया पडावंसं वाटलं.

प्रवास कसा झाला ते अक्कांनी मागाहून सांगितलं. गळ्यात शिटी, खिशात टॉर्च, आणि दर स्टेशनला 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' ऐकून साडू प्रत्येक बाकाखाली वाकून बघणार. भुसावळच्या अलीकडे त्यांना एक बेवारस डबा सापडलाच. शिटी फुंकून त्यांनी डबा गोळा केला— डबा नव्हे, डब्यातली माणसं गोळा केली! पोलीस आला, डबा लांबून हलवला, उघडला. आत डिंकाचे लाडू. अक्कांनी बॅगेतून काढून खाली सरकवलेला स्वतःचाच डबा! पोलिसाने एक लाडू खाल्ला आणि साडूंना विचारलं, "काका, ह्याला वारस कोण?" अक्का म्हणाल्या, कित्येक वर्षांत मी एवढी हसले नव्हते.

दोघं महिन्याभराने परतली. मी काही मवाळ झालो नव्हतो. चार वर्षांचा राग साठला होता, तो ह्या खेपेला काढायचाच असं ठरवून मी पंचवटीला गेलो. अक्का माझ्या बायकोला घेऊन आत फोटो दाखवत होत्या, त्यांचा आवाजसुद्धा बदललेला. साडू बाहेरच्या खोलीत पलंगावर एकटे बसले होते. मी टोचून विचारलं, "काय, आहे का आसाम जाग्यावर?"

"आहे," ते म्हणाले. "छान आहे. लोक भाजी घेतात, पोरं शाळेत जातात." मग आपणहून सांगायला लागले. "दार लेकीने उघडलं. पोर मागे पडद्याआड. मी हात पुढे केले तर किंचाळली हो. लेक म्हणाली, अगं, आजोबा आहेत. तर म्हणते कशी, अनोळखी माणसाकडे जायचं नाही, टीचरने सांगितलंय. हिच्याकडे गेली दोन दिवसांत, लाडवाला भुलून. माझ्याकडे नाही. मी खोलीत असलो की भिंतीच्या कडेकडेने जायची. सगळे तिला रागवायला लागले. मी म्हटलं, रागवू नका. तिला सूचना आहे, ती पाळतेय. अगदी माझ्यावर गेलीय." हे सांगताना ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"मग आलीच नाही तुमच्याकडे?"

"आली ना. निघायच्या दिवशी, स्टेशनवर. खिडकीच्या गजातून माझं बोट धरलं आणि म्हणाली, आजोबा, तू इतके दिवस कुठे होतास?"

"मग? काय सांगितलंत?"

साडूंनी आपल्या त्या बोटाकडे बघितलं. "गाडी सुटली," ते म्हणाले. "पण खरं सांगू का साडूभाऊ, नसती सुटली तरी मला सांगता आलं नसतं. इथेच तर होतो मी."

इतकी वर्षं ज्या माणसावर मला तोंड भरून ओरडायचं होतं तो समोर बसला होता. मी खुर्ची सोडून उठलो आणि त्यांच्या शेजारी पलंगावर जाऊन बसलो.