घागऱ्याची लांबी

मैत्रिणींनो, आज जळगावला माझ्या लग्नाच्या घागऱ्याची ट्रायल होती. चपलेची टाच बघून लांबी ठरते, म्हणून हौसेने घेतलेल्या उंच सँडल घालून उभी राहिले.

आम्ही धरणगावचे पाटील, सासर भुसावळचं तेलुगू. मुहूर्तापासून जेवणापर्यंत दोन्ही घरांचं कशावरच जमत नव्हतं. आज जमलं.

सासूबाई म्हणाल्या, "मुलगी मुलापेक्षा उंच दिसेल." आई लगेच म्हणाली, "हो ना. काढ गं त्या सँडल."

अनवाणी पायांभोवती टाचण्या लागल्या. जरा हललं की टोचत होत्या. टेलरचाचांनी कात्री उचलली आणि मलाच विचारलं, "बेटा, कापू? मग वाढवता नाही येणार."

मी मान हलवली. हो म्हणून.

तुमच्यापैकी कोणी अशा वेळी नाही म्हटलंय का? कसं म्हटलंत?