एक थाप थांबायची, दोन निघायच्या

फोनवर मामांचं नाव दिसलं तेव्हा शाळेत माझा तास सुरू व्हायचा होता. मामा कुणाला फोन करत नसत. लकवा मारला तेव्हापासून त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालावं लागे आणि जीभ जड झाली. फोन नुसता दोरीनं गळ्यात लटकत असे. तो मामीनंच लटकवला होता, ते कुठे पडले तर एक बटण दाबून मला कळवता यावं म्हणून. त्यामुळे मला वाटलं, मामा पडले. "मामा, मामी कुठे आहे?" मी विचारलं. पलीकडून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. मग मामांचा आवाज आला, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा... "मास्तरीण... बोलत नाही." मामीला ते मास्तरीणच म्हणत.

मी सौंसरला, ते पांढुर्ण्याला. त्यांच्या शेजारच्या रमेशभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "हाव, पाणी तर गल्लीत येऊन राहिलं. आन् ठोकल्याचा आवाजही केव्हाचा येऊन राहिला. आमाले वाटलं, गाडीत त्यायचं नेहमीचंच चालू असंन." ते धावत गेले. मामी अंगणात गाडीच्या मागच्या चाकाशी पडली होती, पाण्याची नळी तिच्या हाताजवळ वाहत होती. मामा गाडीच्या आत, आपल्या जागेवर. तिचा खांदा धरल्याशिवाय त्यांना खाली उतरता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एका झटक्यात झालं, कुणी लवकर पोचलं असतं तरी उपयोग नव्हता. हे मी मामांना पुष्कळदा सांगितलं आहे. ते ऐकून घेतात. मानत नाहीत.

विमलमामी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. उंचीनं एवढीशी. पाचवीतली पोरं तिच्या बरोबरीनं दिसत, पण तिच्यासमोर आवाज करायची कुणाची हिंमत नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. पण ते झालं मामीमुळे. मी बारावी झाले तेव्हा ती मोहगावला आली आणि माझ्या बाबांना म्हणाली, "भाऊजी, पोरीले माझ्याकडं पाठवा. माझ्या घरातून कॉलेज दिसते. तुमच्या घरातून वावरच दिसते." बाबांना राग आला होता. पाठवलं मात्र. पुढे आयुष्यभर माझं काही चुकलं की ती एवढंच म्हणायची, "बी.एस्सी. झाली ना वो तू?"

मामा तहसील कचेरीत बाबू होते. फिरायला जाण्याची गोष्ट निघाली की म्हणत, रिटायर झाल्यावर. मामीही मान डोलवायची. दोघं रिटायर झाले, आणि वर्ष व्हायच्या आत मामांना लकवा मारला. त्यानंतर ते खिडकीशी बसले ते बसलेच. बसची पायरी चढता येईना, धर्मशाळेच्या संडासात उकिडवं बसता येईना. एकदा लग्नाला नेलं होतं, तिथे सगळ्यांसमोर त्यांचे कपडे ओले झाले. परत आल्यावर त्यांनी मामीला खुणेनं सांगितलं, आता कुठे नाही. जेवणही कमी केलं. मामी मला म्हणाली, "हा माणूस मरायची वाट पाहून राहिला. मी नाही पाहू देत." पुढच्याच रविवारी तिनं मला कामाला लावलं. तिला अशी गाडी हवी होती, जिच्यात निजता येईल, चहा करता येईल आणि संडासही असेल. घर सोबत गेलं तर माणूस घराबाहेर निघेल, असा तिचा सरळ हिशोब.

मी मोबाइलवर शोधून मोठमोठ्या घरगाड्यांचे फोटो दाखवले. तिनं ते पाहिले आणि अंगणात विटा मांडल्या. एका विटेवर मामांना चढवलं, मग दोन, मग तीन. तिसरीवर त्यांचा पाय अडला. दोन विटांच्या उंचीची एक कडुनिंबाची काडी तिनं कापली आणि ती पर्समध्ये घालून आम्ही नागपूरला गेलो. गाड्या बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस फार गोड बोलणारा. एसी, टीव्ही, वर चढायचा पलंग... "मॅडम, चार जणं आरामात झोपतात." मामी म्हणाली, "आम्ही दोघंच आहो. बाकीच्यायले त्यायची घरं आहेत." आणि तिनं पायरीला काडी लावली. पायरी उंच निघाली. दुसऱ्या गाडीत ती चपला काढून संडासच्या सीटवर बसून आली, साडीसकट, त्या माणसासमोर. बाहेर येऊन म्हणाली, "माझे गुडघे भिंतीले लागून राहिले. यायचे तर मावणारच नाही." तो माणूस पार लाजला. मलाही हसू आवरेना.

कारखान्याच्या मागे एक जुनी गाडी उभी होती, पांढरी, लहान. कोण्या काळची अँब्युलन्स. मामी तिच्याकडे गेली, मागचं दार उघडलं, काडी लावली. पायरी काडीपेक्षा खाली होती. आत डाव्या हाताला धरायला दांडा होता. मामांचा चालता हात डावाच. तिनं तो दांडा धरून स्वतःला दोनदा वर ओढून पाहिलं आणि म्हणाली, "हीच."

घरी वादळ झालं. पुण्याचा प्रशांत, त्यांचा मुलगा, फोनवर ओरडला, "आई, अँब्युलन्स?" शेजारणी येऊन म्हणाल्या, "बाई, कितीक जीव गेले असतील तिच्यात." मामीनं चहा गाळता गाळता उत्तर दिलं, "आन् वाचले किती, ते काऊन नाही विचारत?" स्ट्रेचरच्या जागी बिछाना झाला, ऑक्सिजनच्या जागी पाण्याची टाकी, कोपऱ्यात मामांचे गुडघे मावतील असा संडास. पडदे तिनंच शिवले. प्रत्येक गोष्ट मामांच्या मापाची. कप ठेवायची फळी डावीकडे, दिव्याचं बटण डावीकडे, बिछान्याची उंची त्यांच्या गुडघ्याएवढी. आम्ही सगळे त्यांच्याच आजारपणाचा विचार करत होतो. ती आधी जाईल हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही... तिच्या तर नाहीच.

चालवायला ती स्वतः शिकली. आयुष्यभर स्कुटीवर शाळेत गेलेली बाई, म्हणाली, दोन चाकं वाढली एवढंच. पाय पोचावे म्हणून सीट अगदी पुढे, स्टिअरिंगला चिकटवून, पाठीमागे उशी, खाली उशी. मामा मागे बसत. त्यांची हाक पुढे पोचत नसे, म्हणून तिनं ठरवून दिलं होतं, मधल्या पत्र्यावर डाव्या हातानं एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. अंगणात उभ्या गाडीतच दोघांचा सराव चाले. गल्लीला त्या आवाजाची सवय झाली.

पहिली सफर जामसांवलीची झाली. मीही सौंसरहून त्यांच्या गाडीत चढले. तिथे निजलेल्या मारुतीसमोर लोक आपापली दुखणी घेऊन येतात. मामांकडे पाहून एक बाई मामीला म्हणाली, "येथं ठेवा यायले थोडे दिवस, बरे होतीन." मामी म्हणाली, "बरं कराले नाही आणलं वो. गाडीत चहा चांगला होते का, ते पाहून राहिलो." चहा झाला. मामा पडदा सरकवून देवळाकडे बघत होते. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तोही... निजला. मीही." आणि हसले. लकवा मारल्यानंतर ते पहिल्यांदा हसले. मामीनं तोंड फिरवून कप विसळायला घेतले. विसळलेलेच कप ती पुन्हा विसळत होती.

मग तामियाला जायचं ठरलं. मामांची पहिली नोकरी तिथली. डोंगरावरून दिसणारं ढगांचं रान मास्तरणीला दाखवीन, असं ते लग्नापासून म्हणत आले होते. गोटमारीची, पांढुर्ण्याच्या त्या दगडफेकीच्या जत्रेची, गर्दी ओसरली की निघू, मामी म्हणाली. गोटमार झाली, रस्ते मोकळे झाले. त्या सकाळी तिनं मामांना आत बसवलं आणि टाकीत पाणी भरायला घेतलं. मामा सांगतात, टाकी भरून वाहायला लागली तेव्हा त्यांनी दोन थापा मारल्या. चल, निघू. उत्तर आलं नाही. पुन्हा दोन. पुन्हा दोन... किती वेळ मारत होते, त्यांना माहीत नाही. गल्लीनं त्या सगळ्या ऐकल्या. फोनची आठवण त्यांना फार उशिरा झाली.

आता माझी आई मोहगावहून येऊन भावाजवळ राहिली आहे. प्रशांत म्हणतो, गाडी विका, बाबांना पुण्याला नेतो. त्याचंही चूक नाही. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. गाडी चालवून पाहायला तो पुढे बसायला गेला, पण सीटमध्ये त्याचं अंग मावेना. त्यानं खाली हात घालून सीट मागे घ्यायचा खटका शोधला, तसा घराच्या खिडकीतून मामांचा आवाज आला. शब्द नव्हताच तो, नुसता आवाज. माणूस घाबरून उतरला. तेव्हापासून सीट कुणी हलवलेली नाही.

बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी जाते. मामांना आधी मागे बसवावं लागतं, त्याशिवाय ते चावी देत नाहीत. माझ्या खांद्याला धरून ते चढतात. मामीपेक्षा मी हातभर उंच, तिच्या सीटवर माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात, पाठीत तिची उशी टोचते. मी तशीच बसते, गाडी सुरू करते. गाडी थरथरते, मागे फळीवरचे दोन कप एकमेकांवर वाजतात. मी आरशात न बघता विचारते, "मामा, जायचं का? जामसांवलीपर्यंत तरी?"

मागे कप वाजत राहतात. मग पत्र्यावर थाप पडते. मी दुसरीची वाट बघते.

एकच असते. मी गाडी बंद करते.