सायखेड्याचा दवाखाना
निलगिरीच्या तेलाचा वास आला की विधानसभेतला, मी न पाहिलेला एक दिवस आठवतो. एकोणीसशे सदतीस-अडतीसच्या सुमाराला आमच्या सायखेड्याला दवाखाना मिळावा म्हणून मी आमदार म्हणून दोन अधिवेशनं मंत्र्यांना प्रश्न विचारत होतो. "विचार चालू आहे," एवढंच उत्तर मिळे. तिसऱ्या खेपेला मी तापानं आडवा झालो. माझ्या वतीनं माझाच प्रश्न सटाण्याकडच्या आमदार मित्रानं विचारला आणि मंत्र्यांनी उभ्या उभ्या मंजुरी देऊन टाकली. गावानं त्याला बोलावून झेंडूच्या हारांनी मढवलं. मी मफलर गुंडाळून, छातीला निलगिरी चोळून शेजारी बसलो होतो. "दादा, लय जोरात इचारलं बघा यांनी!" पाटील मलाच सांगत होते. मी हसलो, पण आतून नुसता जळत होतो. दवाखाना माझ्या घरासमोरच झाला. आज म्हातारपणीही साधी सर्दी झाली, तरी औषधाला मी नाशिक गाठतो.