हिरवा बोर्ड

इस्पितळाच्या संगणकखोलीतल्या ताईला भिंतीवरच्या त्या बोर्डाची किळस यायची. पेशंटांची सगळी माहिती ज्या सर्व्हरवर, तो चालू आहे की नाही हे म्हणे तो बोर्ड सांगायचा. सांगायचा कसला! नेटवर्कवरून सर्व्हरला नुसती हाक मारायचा, ‘आहेस का?’ त्यानं ‘आहे’ म्हटलं की बोर्ड हिरवा. आतला डेटाबेस आडवा पडलेला असला तरी सर्व्हर बापडा हाकेला ओ द्यायचाच. बडा घर, पोकळ वासा!

मध्यंतरी ताईनं खरी तपासणी बसवली होती. नुसती हाक नाही, एका पेशंटची माहितीच मागून बघायची. मिळाली तर हिरवा, नाहीतर लाल. बोर्ड वरचेवर लाल व्हायला लागला आणि तिच्या विभागाच्या साहेबांनी ती तपासणीच काढायला लावली. दुखणं तसंच ठेवून थर्मामीटर फेकून देणारा माणूस! त्याच बोर्डाबद्दल आज त्यांचं कौतुक करायला बाहेरून पाहुणे आले होते. नेमका तेव्हाच डेटाबेस बसला.

वरच्या वॉर्डातून नर्सचा फोन आला. ताईचे सासरे तिथेच दाखल होते.

"ताई, मामांना इंजेक्शन द्यायचंय, पण कुणाचीच माहिती उघडत नाहीये. त्यांना काही चालत नाही का?"

"पेनिसिलिन अजिबात देऊ नका! सगळं अंग सुजतं त्यांचं."

"बरं झालं विचारलं. पण शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं कुणाला विचारू? शुद्धीत नाहीत, सोबतही कुणी नाही. डॉक्टर घाई करतायत."

ताईनं फोन ठेवला. तिनं साहेबांना बाजूला घेऊन सर्व्हर रीस्टार्ट करायची परवानगी मागितली.

साहेब दातओठ खात कुजबुजले, "आत्ता? बोर्ड लाल होईल! पाहुणे जाऊ द्या, मग बघू."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. या माणसाला ‘साहेब’ म्हणायचीही तिला शिसारी आली. ती वळली, खुर्चीत बसली आणि सगळ्यांच्या देखत तिनं रीस्टार्ट दाबलं.

भिंतभर बोर्ड लाल झाला. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरेच्चा, काय बिघडलं हो?" एका पाहुण्यानं विचारलं.

"बिघडलं होतं ते मघाशी, हिरवा होता तेव्हा," ताई म्हणाली. "आत्ता दुरुस्त होतंय."